चिंचोक्यांवरचं पोकर: नवख्यांनी कुठं घसरू नये

झड लागली की आमच्याकडं वावर बंद. डवरा चालत नाही, फवारणी होत नाही, लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात अशा दिवसांत ओसरीवर पत्ते बसतात, ते आज्याच्या काळापासून. आधी मेंढीकोट आणि बदाम सात, मग तीन पत्ती, आणि गेल्या चार पावसाळ्यांपासून पोकर. आम्ही सहा जण आहोत: दादा, वहिनी, आतेभाऊ, मामा, गावातल्या शाळेचे एक सर आणि मी.

शिकवायला कोणी नव्हतं. मोबाइलवर पाहत, चुकत, वहीत लिहून ठेवत शिकलो. पहिले दोन पावसाळे तर नुसते गोंधळात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पोकरचे प्रकार बरेच आहेत, पण इथं टेक्सास होल्डमबद्दलच बोलतो, कारण बहुतेक ठिकाणी तोच खेळला जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लहान डावात माणूस मोठ्या धाडसानं हरत नाही. तो "पाहून घेऊ" म्हणत दोन-दोन, चार-चार चिंचोके टाकत राहतो आणि हरतो. पुढं जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं या एका सवयीबद्दल आहे.

१. पैसा डावाबाहेर ठेवा

मी पोकरला हात घातला तो एका अ‍ॅपवर, १-२ रुपयांच्या टेबलांवर. रक्कम लहान, म्हणून भीती वाटली नाही. दहा महिन्यांत ११,४०० रुपये गेले. एका रात्रीत चारशेच्या वर कधी गेले नाहीत, म्हणून ते लक्षातही आलं नाही. बँकेचं पासबुक घेऊन बेरीज केली त्या दिवशी कळलं की कापसाच्या पहिल्या वेच्याची मजुरी एवढी रक्कम मी मोबाइलमध्ये घातली. घरी सांगायला आणखी दोन महिने लागले.

तिथं एक गणित मला उशिरा समजलं. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे हातात मध्ये जमलेल्या रकमेतून, अ‍ॅप आपला कट काढून घेतं. समजा टेबलावरचे सहाही जण अगदी बरोबरीचे आहेत. तरीही रात्रभर खेळून सगळ्यांची मिळून रक्कम कमीच होणार, कारण कापलेला कट टेबलावर परत येत नाही. म्हणजे नुसतं दुसऱ्यापेक्षा चांगलं खेळून भागत नाही, तो कट भरून निघेल इतकं चांगलं खेळावं लागतं. नवख्याला ते जमत नाही.

आता तर प्रश्न कायद्याचाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा फरक न करता. तेव्हा कोणी टेलिग्रामवर एपीके फाइल पाठवून "हे चालू आहे, टाक पैसे" म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका. तिथं पैसे अडकले तर कोणाच्या दारात जाणार? आणि ओसरीवर किंवा पारावर पैसे लावून बसलात, तर महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. पोळ्याच्या सुमारास कुठं कुठं धाडी पडतात हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. हरलेल्यानं पार्टी द्यायची, डिझेल टाकायचं, असंही काही ठेवलेलं नाही. पोळ्यानंतर एक दिवस वावरात सगळे मिळून रोडगे आणि वांग्याची भाजी करतो, खर्च सारखा वाटून. खेळाची गंमत तेवढीच राहते, आणि चूक झाली तर ती शांतपणे तपासता येते.

२. काय काय लागतं

- ५२ पानांची कॅट, जोकर काढून. पावसात पानं ओलावतात, वाकतात, आणि वाकलेलं पान पाठीवरून ओळखू येतं. प्लॅस्टिकची कॅट घ्या आणि एक जास्तीची ठेवा.
- चिंचोके, सहा जणांना किमान ६००. उन्हाळ्यात चिंच फोडतात तेव्हाच जमवा. धुवून वाळवा आणि तव्यावर थोडे भाजा, नाही तर पावसाळ्यापर्यंत कीड लागते.
- गजगे (सागरगोटे), निदान ३०. आम्ही एक गजगा २० चिंचोक्यांचा धरतो.
- बाटलीचं एक झाकण. पानं वाटण्याची पाळी ज्याची, त्याच्यापुढं ते ठेवायचं. त्याला डीलरचं बटण म्हणतात.
- सतरंजी, चार्जिंगची बॅटरी, वही आणि पेन.

प्रत्येकाला १०० चिंचोके आणि ५ गजगे द्या, म्हणजे झाले २००. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी टाकायचा सक्तीचा भरणा, १ आणि २ चे ठेवा. मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल प्रत्येकापुढं असतो, आणि शिकायला एवढा बरा पडतो. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येकी ३० च दिले होते. दोन हातांत माणूस रिकामा व्हायचा आणि डाव समजायच्या आधीच उठायचा.

३. डाव थोडक्यात

बटणाच्या डावीकडचा १ टाकतो, त्याच्या डावीकडचा २. हे सक्तीचे ब्लाइंड. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मोठ्या ब्लाइंडच्या पुढच्यापासून बोली सुरू होते: पानं टाका, तेवढेच भरा (कॉल), किंवा वाढवा. मग मध्ये तीन पानं उघडतात (फ्लॉप), पुन्हा बोली. चौथं पान (टर्न), बोली. पाचवं (रिव्हर), शेवटची बोली. फ्लॉपपासून पुढं बटणाच्या डावीकडचा आधी बोलतो आणि बटणवाला सगळ्यात शेवटी. हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सगळ्यात चांगली पाच धरायची.

४. तीन पत्ती डोक्यातून उतरवा

आपल्याकडचा प्रत्येक जण पोकरला येतो तो तीन पत्ती खेळूनच. त्याचा फायदा होतो, पानांची भीती राहत नाही. पण तीन पत्तीच्या चार सवयी इथं हमखास घात करतात.

पहिली सवय, रन मोठा की कलर? तीन पत्तीत रन कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं आहे, कलर रनला मारतो. आमच्याकडं यावरून एका रात्री बराच वेळ वाद झाला आणि शेवटी सरांनी कागदावर मोजून दाखवलं. जे कमी वेळा लागतं ते मोठं, एवढाच नियम. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यात साधे रन ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे रन दुर्मीळ. पाच पानांचे संच होतात २५,९८,९६०. त्यात साधे रन १०,२०० आणि साधे कलर ५,१०८. पानं तीनची पाच झाली आणि कलर दुर्मीळ झाला. हे एकदा मोजून पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

पूर्ण क्रम, लहानाकडून मोठ्याकडं: मोठं पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, रन, कलर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी, एकाच रंगाचा रन.

दुसरी सवय, एक्का-दुर्री-तिर्री. तीन पत्तीत हा मोठ्या रनांत जातो. पोकरमध्ये एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी हा सगळ्यात लहान रन. छक्कीपर्यंतचा रनसुद्धा त्याला मारतो.

तिसरी सवय, ब्लाइंड हा शब्द. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याला अर्ध्यात चाल मिळते, म्हणून न पाहता खेळण्यात फायदा असतो. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे नुसता सक्तीचा भरणा. पानं न पाहता खेळून कोणतीही सवलत मिळत नाही. मामा पहिला महिनाभर पानं न उचलता चाल करत होते आणि समोरचा घाबरेल अशी वाट पाहत होते. समोरच्याला मात्र दर वेळी अर्धी माहिती फुकट मिळत होती.

चौथी सवय, एक्का हातात म्हणजे हात मोठा. तीन पत्तीत ते बऱ्याच अंशी खरं असतं. पोकरमध्ये एक्क्याच्या जोडीला काय आहे ते पाहावं लागतं. तुमच्याकडं एक्का-पंजी आहे, समोरच्याकडं एक्का-बादशहा. मध्ये एक्का, दश्शी, सत्ती आली. दोघांचीही एक्क्याची जोडी झाली, पण पाच पानं धरताना त्याचा बादशहा मोजला जातो आणि तुमची पंजी कामाला येत नाही. याला किकर म्हणतात. लहान किकरवाला एक्का हा नवख्याचा सगळ्यात महागडा हात. जिंकतो तेव्हा लहान पॉट मिळतो, हरतो तेव्हा मोठा जातो.

आणि पोकरमध्ये रंगाला मोठेपणा नाही. इस्पिकचा एक्का आणि चौकटचा एक्का सारखेच. पाचही पानं बरोबरीची असली तर पॉट अर्धा-अर्धा.

५. बहुतेक पानं टाकून द्या

दोन पानांचे १,३२६ संच होतात. त्यात कोणतीही जोडी सतरांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा. हातात जोडी नसेल, तर फ्लॉपवर आपल्या एखाद्या पानाची जोडी तीनांतून साधारण एकदाच लागते. म्हणजे जोडी नसलेली कोणतीही पानं घेऊन बसलात तरी तीनांतून दोनदा हात कोरडाच.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी दहांतले सात हात खेळत होतो. वहीत पाहिलं तर त्या हंगामात गेलेले बहुतेक चिंचोके फ्लॉपच्या आधी टाकलेले दोन आणि फ्लॉपनंतर "एक पान पाहू" म्हणून टाकलेले आठ-दहा, असेच गेले होते.

सहा जणांच्या डावात नवख्यानं असं धरावं. पहिल्या दोन जागांवर, म्हणजे ब्लाइंडच्या लगेच पुढं: सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्क्यासोबत बादशहा, राणी किंवा गुलाम, एकाच रंगाची एक्का-दश्शी, आणि बादशहा-राणी. एवढेच. हे संच मोजले तर ११६ होतात, म्हणजे साधारण साडेअकरा हातांत एकदा. शेवटच्या जागेवर, बटण तुमच्यापुढं असताना आणि आधी कोणी वाढवलेलं नसताना, कोणतीही जोडी, एकाच रंगातला कोणताही एक्का, दश्शीच्या वरची कोणतीही दोन पानं आणि एका रंगातली लागून असलेली पानं (सत्ती-अठ्ठी, नव्वी-दश्शी) चालतील.

"एका रंगाची आहेत" म्हणून कचरा खेळू नका. एका रंगाच्या दोन पानांचा रिव्हरपर्यंत कलर होतो तो सोळा वेळांतून सुमारे एकदा. बादशहा-तिर्री एका रंगाची असली तरी ती तिर्रीच.

पानं टाकायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. सुरुवातीला मला वाटायचं, ओसरीवर बसलो कशाला, नुसतं पाहायला? पण टाकलेल्या हातात जे पाहायला मिळतं ते खेळताना मिळत नाही. कोण किती वेळ विचार करतो, कोण चांगलं पान आलं की चिंचोक्यांकडं पाहतो, हे सगळं तेव्हाच दिसतं.

६. आपली जागा ओळखा

बाजार समितीत हर्रास चालू असतो, तेव्हा तुमच्या आधीच्या चार ढिगांना काय भाव मिळाला हे पाहून तुम्ही ठरवता की माल आज द्यायचा की परत न्यायचा. पहिला ढीग ज्याचा, त्याला ती सोय नसते. पोकरमध्ये बटणवाला रोज शेवटच्या ढिगावर असतो. फ्लॉपपासून पुढं पाचही जणांनी काय केलं ते पाहून तो बोलतो.

म्हणून तोच हात पुढच्या जागेवर टाकायचा आणि बटणावर खेळायचा, यात विसंगती नाही. ब्लाइंडमध्ये बसला असाल तर "माझे २ आत आहेतच" म्हणून ओढले जाऊ नका. आत गेलेले चिंचोके तुमचे राहिलेले नाहीत, ते पॉटचे झाले. शिवाय ब्लाइंडवाल्याला फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी बोलावं लागतं.

७. खेळायचं ठरवलं तर वाढवून आत या

चांगली पानं आली की नवखा गप्प राहून २ भरतो, कोणी पळू नये म्हणून. मग सहाच्या सहा जण फ्लॉप पाहतात आणि एक्क्यांची जोडी कोणाच्या तरी सत्ती-तिर्रीला हरते. एक्क्यांची जोडी एका माणसाच्या कोणत्याही पानांविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते. दोघांविरुद्ध ७३. पाच जण समोर असले तर ४९. पानं तीच, पण गर्दीनं त्यांची ताकद अर्ध्यावर येते.

म्हणून वाढवा. आधी कोणी आलेलं नसेल तर ६ करा. कोणी नुसते २ भरून बसले असतील तर त्या प्रत्येकामागे आणखी २. आमच्याकडं ६ ला कोणी हलत नाही, म्हणून मी ८ करतो. तुमच्या डावात किती केल्यावर एक-दोनच जण उरतात ते पाहा आणि तेवढं करा. मात्र चांगल्या हाताला ८ आणि बऱ्या हाताला ६ असं करू नका. वहिनींनी ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं.

८. "पाहून घेऊ" ही किंमत मोजा

एका संध्याकाळचा हात सांगतो. बाहेर झड, आत बॅटरीचा उजेड. मध्ये बदाम एक्का, बदाम नव्वी, किलवर चौकी आणि इस्पिक राणी. आतेभावाकडं बदाम गुलाम आणि बदाम सत्ती. आणखी एक बदाम आला की कलर. पॉटमध्ये ४० चिंचोके. सरांनी एक गजगा पुढं सरकवला, २० ची चाल. आतेभाऊ म्हणाला, "पाह्यून घेऊ ना बावा, एवढ्यानं काय होते!" आणि गजगा टाकला. रिव्हरला किलवर दुर्री आली.

आता गणित. त्याला ६ पानं दिसत होती, ४६ दिसत नव्हती. त्यांत बदाम ९. म्हणजे कलर लागायची शक्यता ४६ त ९, पाचांतून एकदाही पूर्ण नाही. २० टाकून त्याला मिळणार होते ६० (पॉटचे ४० आणि सरांचे २०). हेच ४६ वेळा केलं तर ९ वेळा ६० मिळतील, झाले ५४०. ३७ वेळा २० जातील, झाले ७४०. दोनशेचा खड्डा.

आतेभावाचं म्हणणं होतं, "पण बदाम आला असता तं सरायकडून अजून निघाले असते." हा मुद्दा बरोबर आहे आणि तो सोडू नये. हिशोब केला तर बदाम आल्यावर सरांकडून सरासरी २३ तरी जास्तीचे निघाले पाहिजेत, तेव्हा हा कॉल परवडतो. पण सर तीन बदाम समोर दिसले की पानं ठेवणारे. त्यांच्याविरुद्ध टाकायलाच हवं होतं. समोर आतेभाऊच असता तर मी भरले असते, कारण तो रिव्हरला कोणालाही चिंचोके देतो.

आणि सरांनी २० ऐवजी १० ची चाल केली असती तर? तेव्हा १० टाकून ५० मिळतात, सहांतून एकदा लागलं तरी बरोबरी. आपली शक्यता त्याहून जास्त. तिथं डोळे झाकून भरा.

ही आकडेमोड दर वेळी करायची गरज नाही, दोन गोष्टी पाठ ठेवा:

- अर्ध्या पॉटची चाल आली तर चारांतून एकदा जिंकायला हवं. पूर्ण पॉटची आली तर तीनांतून एकदा. पाव पॉटची आली तर सहांतून एकदा.
- हात सुधारणारी पानं मोजा. एक पान यायचं असेल तर त्या आकड्याची दुप्पट म्हणजे शेकडा शक्यता. कलरला एक पान कमी असेल तर ९ पानं, म्हणजे १८ टक्के. दोन्ही टोकांनी उघडा रन असेल तर ८. मधलं एकच पान लागत असेल तर ४, म्हणजे ८ टक्के. मधल्या पानाच्या आशेवर चिंचोके भरणं सोडा.

फ्लॉपवर चौपट करायचं असंही सांगितलं जातं. ते खरं आहे, पण दोन्ही पानं फुकट दिसणार असतील तेव्हाच, म्हणजे कोणाचे तरी सगळे चिंचोके आत गेल्यावर. एरवी टर्नला पुन्हा चाल येते आणि पुन्हा भरावं लागतं. इथं बरेच जण फसतात.

रिव्हरचा कॉल हा याचाच शेवटचा भाग. शांतपणे खेळणारा, रात्रभर भरत बसलेला माणूस रिव्हरला एकदम वाढवतो तेव्हा त्याच्याकडं हात असतो. लहान डावांत याला अपवाद मी फार थोडे पाहिले. आमच्यात हे सगळ्यात चांगलं वहिनींना जमतं. एकदा राणीची जोडी त्यांनी मामांच्या वाढवण्यावर टाकली. पानं उपडी, कडा जुळवून, हळूच मध्ये सरकवली आणि लगेच चहाचं विचारायला उठल्या. आतेभावानं विचारलं, "काहून टाकली वहिनी? जोडी तं होती." त्या म्हणाल्या, "होती. पण मामाजीजोळ मोठी असन." मामांनी दाखवलं, तीन चौक्या होत्या. "काय होतं ते दाखवा तरी" असा हट्ट वहिनींनी धरला नव्हता, हे मला त्या हातातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. दाखवायची किंमत ४० चिंचोके होती.

९. ब्लफ कमी, चांगल्या हाताची चाल जास्त

पोकर म्हटलं की लोकांना ब्लफ आठवतो. पण ब्लफ चालायला समोरचा पानं टाकणारा हवा. ४० च्या पॉटमध्ये २० ची खोटी चाल केली, तर समोरच्यानं तीनांतून एकदा पळायलाच हवं, तेव्हा कुठं बरोबरी. ४० ची केली तर दोनांतून एकदा. आतेभाऊ दहांतून एकदाही पळत नाही. त्याच्यावर ब्लफ करणं म्हणजे त्याला चिंचोके वाटणं. सरांवर मात्र महिन्यातून एकदा करतो.

जे भरतच राहतात त्यांच्याविरुद्ध उपाय उलटा आहे: हात चांगला असला की चाल करा, आणि मोठी करा. एक्क्याची जोडी चांगल्या किकरसह असून "कोणाकडं दोन जोड्या असतील" या भीतीनं रिव्हरला चेक करणं, म्हणजे काही न लावता बोली पुढं सोडणं, ही सावध लोकांची नेहमीची चूक. वर्षभर माझी होती. ४० च्या पॉटमध्ये २५ करा. लहान जोडीवाला भरतो, कारण त्याला पाहायचं असतं.

दबा धरून बसणंही टाळा. एकदा माझ्याकडं तीन नव्व्या झाल्या, मध्ये दोन इस्पिक होते, आणि मी दोन वेळा चेक केलं. फुकट पान पाहून दादांचा कलर झाला आणि माझे सगळे चिंचोके गेले. हातातल्या जोडीची फ्लॉपवर तीन सारखी होतात ती साडेआठ वेळांतून एकदा. इतक्या वाट पाहून आलेला हात गप्प बसून वाया घालवू नये.

१०. डोकं तापलं की उठा

एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीलासुद्धा शंभरात अठरा-एकोणीस वेळा हरते. हे होणारच. मामांचं झालं तेव्हा पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी आलेला प्रत्येक हात खेळला आणि उरलेले १४० घालवले. त्या वीस मिनिटांत पानांनी त्यांना हरवलं नाही, रागानं हरवलं.

आमचा नियम: २०० संपले की त्या रात्री एकदाच पुन्हा २०० घ्यायचे. तेही संपले की पानं वाटायला बसायचं, खेळायचं नाही. मोठा हात हरलेल्यानं पुढचा एक फेरा बाहेर बसायचं, हे मामांनीच सुचवलं.

११. वही

दर रात्री चार रकाने: किती हात वाटले, त्यातले किती मी खेळलो, शेवटी किती चिंचोके, आणि ज्या एका हातावर शंका राहिली तो पूर्ण, कोणत्या जागेवर होतो आणि पॉट किती होता त्यासह. तिसऱ्या रकान्याकडं पहिल्या हंगामात फार पाहू नका. दहा-बारा रात्रींचं जिंकणं-हरणं बरंचसं पानांवर असतं. दुसरा रकाना पाहा. तो दहांतून सातवरून तीनवर आला की शेवटचा रकाना आपोआप छोटा होत जातो.

१२. पहिली संध्याकाळ

पहिले २० हात उघडे खेळा. प्रत्येकानं आपली दोन पानं सरळ ठेवायची, सगळ्यांना दिसतील अशी, आणि चाल करायच्या आधी मोठ्यानं सांगायचं: माझ्याकडं काय आहे, पॉट किती, भरायला किती लागतात, किती पानं मला उपयोगाची. लहान मुलं बसली असतील तर त्यांना चिंचोके मोजायला लावा, ती चुकत नाहीत. एकविसाव्या हातापासून पानं झाका. क्रमाचा कागद सतरंजीच्या मधोमध राहू द्या, विचारायची लाज कोणाला वाटू नये. आमच्याकडं तो चौथ्या पावसाळ्यातही तिथंच असतो, सरांच्या अक्षरातला, वर प्लॅस्टिक लावलेला.